इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ पाठ आहे, पण ते कुणापुढे वापरायचे?

रानजाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडते आहे.

२००९ साली मी पुण्यात एका कंपनीत हिशेबाच्या कामाला होते. सगळं काम लंडनच्या ऑफिसशी, ईमेलवर. तिथले एक वयस्क सहकारी होते. रोज आधी दोन ओळी हवापाण्याच्या लिहायचे आणि मग आमच्या चुका दाखवायचे, त्याही इतक्या हळुवार की चूक सुधारताना वाईट वाटायचं नाही. एका सोमवारी त्यांचे वडील वारल्याचं कळलं. मी लगेच सांत्वनाचं पत्र लिहायला बसले. नुसतं 'डाइड' लिहिणं मला कोरडं वाटलं. शाळेत वाक्प्रचारांची यादी घोकली होती, त्यात 'किक द बकेट : मरण पावणे' असं स्वच्छ छापलेलं होतं. मी तोच घातला. पत्र दोनदा वाचलं, स्पेलिंग तपासलं आणि पाठवलं.

दुपारी तिथल्या एका बाईंचा फोन आला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हा शब्दप्रयोग लोक हसत हसत करतात, तोही परक्या माणसाबद्दल किंवा बिघडलेल्या यंत्राबद्दल. मी मनात मराठी करून पाहिलं आणि हातपाय गार पडले. 'तुमचे वडील गचकले हे ऐकून वाईट वाटलं' असं मी लिहिलं होतं. मी माफीचं पत्र पाठवलं, त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, आभाराचं. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मला मात्र अजून आठवतं.

मराठीत आपल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. वारले, गेले, देवाज्ञा झाली, आटोपला, गचकला, सगळ्यांचा अर्थ एकच, पण दारात शेजारी उभे असताना कुठला शब्द तोंडातून काढायचा हे पाचवीतलं पोरही जाणतं. इंग्रजीच्या याद्यांत शब्दाचा अर्थ असतो, त्याचं वजन नसतं.

आता मी आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. नोकरीसाठी शिकणारी मोठी माणसंही येतात. त्यांच्यासाठी एक वही करते आहे. प्रत्येक वाक्प्रचारापुढे अर्थ, कोण कुणाला म्हणतं आणि कुठे म्हणू नये, असे तीन रकाने. तुमच्या अनुभवातले वाक्प्रचार इथे लिहाल का?

दर्यावर्दी
रानजाई ताई, विषय काळजाला भिडला. मी बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. इंग्रजीतले निम्मे वाक्प्रचार समुद्रावरून आलेत असं कुणी म्हणालं तर मी अर्ध्यावर विश्वास ठेवीन, पण काही खरोखर तिथलेच आहेत.

'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे दारू पिऊन झिंगलेला. शाळेत आम्हाला वाटायचं शीट म्हणजे शीड. नाही. शीट म्हणजे शिडाचं खालचं टोक ताणून धरणारा दोर. असे तीन दोर सुटले की शीड फडफडतं आणि गलबत झोकांड्या खातं. हे मित्रामित्रांत चालतं, साहेबाबद्दल बोलू नये.

'बाय अँड लार्ज' हे दुसरं. बाय म्हणजे वाऱ्याच्या तोंडाशी जवळ राहून, लार्ज म्हणजे वारा पाठीकडून घेऊन. दोन्ही तऱ्हेनं नीट चालणारं जहाज ते एकंदरीत चांगलं जहाज. म्हणून आज अर्थ 'एकंदरीत, बहुतांशी'. हा कुणापुढेही वापरा, ऑफिसच्या अहवालातसुद्धा.

आणि 'बिटर एंड'. नांगराचा साखळदंड डेकवरच्या खुंट्यांना बांधतात, त्या खुंट्यांना बिट्स म्हणतात. जहाजाकडचं टोक ते बिटर एंड. तिथपर्यंत साखळी सुटली की पुढे सोडायला काही उरत नाही. म्हणजे कडवटपणाशी याचा मुळात संबंध नसावा. आम्ही आजही दोराच्या आतल्या टोकाला तेच म्हणतो.

एक सावधगिरी सांगतो. 'अंडर द वेदर' हे सर्दी, कणकण, पोट बिघडणं एवढ्यापुरतंच. आमच्या एका पोरानं बायपास झालेल्या कप्तानाच्या पत्नीला 'साहेब अंडर द वेदर आहेत असं कळलं' असं लिहिलं होतं. बाई दुखावल्या. मोठ्या आजाराला तो शब्द हलका पडतो.

तिठा
दर्यावर्दी काका, नेल्सनचं राहिलं की!

दर्यावर्दी
बरोबर. २ एप्रिल १८०१, कोपनहेगनची लढाई. ब्रिटिश नौदलाचा सेनानी नेल्सन, त्याचा उजवा डोळा १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावर काल्वीच्या वेढ्यात निकामी झाला होता. कोपनहेगनला वरिष्ठ ॲडमिरल हाइड पार्कर यांनी लढाई थांबवण्याचा निशाणीचा इशारा दिला, तेव्हा नेल्सननं दुर्बीण त्या आंधळ्या डोळ्याला लावली आणि मला काही इशारा दिसत नाही म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. वाक्प्रचार त्याच्या आधीही इंग्रजीत होता, पण 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हटलं की लोकांना आठवतो तो नेल्सनच.

बोरू
काका, या एका वाक्प्रचाराला मराठी जोडीदार इतका तंतोतंत आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'काणाडोळा करणे'. पुष्कळांना वाटतं हा कान आणि डोळा आहे, म्हणून 'कानाडोळा' लिहितात आणि तेच आता रूढ झालं आहे. पण 'काणा' म्हणजे एका डोळ्यानं आंधळा. दिसत असून त्या बाजूचा डोळा नसल्यासारखं वागणं. कोपनहेगनला नेल्सननं अक्षरशः काणाडोळा केला.

मी मुद्रितशोधक आहे. माझ्या टेबलावर रोज उलटा त्रास येतो, इंग्रजी वाक्प्रचार मराठीत उचलून आणलेले. त्याबद्दल सवडीनं लिहितो.

देवळालीकर
आमच्या गावाचा वाक्प्रचार कुणी सांगितला नाही म्हणून मी सांगतो. ब्रिटनमध्ये 'गॉन डूलाली' म्हणजे डोकं फिरलं, वेड लागलं. ते डूलाली म्हणजे नाशिकजवळची आमची देवळाली.

गोऱ्या सैन्याची तिथे छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जायच्या आधी तिथे आणून ठेवत. सैन्याची जहाजं साधारण हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची. ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली तो महिनोन्महिने तिथेच. ना कवायत, ना काम. नुसती उष्णता, दारू, ताप आणि घरची आठवण. त्यात काहींचं मन खरंच ढळलं. मूळ शब्द 'डूलाली टॅप' असा होता आणि त्यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, तो फारसी 'तप', म्हणजे ताप. देवळालीचा ताप. पुढे ताप गळाला आणि गावाचं नाव तेवढं राहिलं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा विचित्र वाटलं. कारण आमच्याकडे देवळालीची ओळख अगदी उलट आहे. मुंबईची माणसं हवापालटासाठी इथल्या सॅनेटोरियममध्ये येऊन राहायची, आमची आजी त्यांच्याकडे भाजी द्यायला जायची. छावणी आजही आहे, तोफखान्याची शाळा आहे. संध्याकाळी लॅम रोडवर फिरताना मी कधी कधी त्या पोरांचा विचार करतो. विशी-बाविशीची असतील, सहा हजार मैलांवर घर आणि बोट कधी ते माहीत नाही.

वापराबद्दल म्हणाल तर, ब्रिटिश माणसं घरगुती गप्पांत सहज म्हणतात. पण ज्याच्या घरात मानसिक आजार आहे त्याच्यासमोर मुळीच म्हणू नये.

रानजाई
देवळालीकर दादा, अंगावर काटा आला. हे उद्याच वर्गात सांगणार. मुलांना वाटतं इंग्रजी म्हणजे सगळं तिकडून इकडे आलेलं.

तिठा
तिकडे गेलेलं बरंच आहे. 'ब्लाइटी' म्हणजे मायदेश, इंग्लंड. तो आपला 'विलायती'. पहिल्या महायुद्धात शिपाई 'ब्लाइटी वन' म्हणायचे ते अशा जखमेला, जी जीवघेणी नाही पण घरी पाठवण्याइतकी मोठी आहे. 'कुशी जॉब' म्हणजे आरामाची नोकरी, त्यातला कुशी 'खुशी'वरून आलेला मानतात.

मला मात्र फॉरवर्ड होणाऱ्या व्युत्पत्तींबद्दल सांगायचं आहे. रानजाई ताई, वहीत चौथा रकाना 'मूळ कथा' असा करणार असाल तर कृपा करून जपून. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'ची कथा सगळ्यांनी वाचली असेल: जुन्या काळी गवती छपरांवर कुत्री-मांजरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची. ही १९९९ मध्ये पसरलेल्या एका ईमेलमधली थाप आहे. गवताचं छप्पर उतरतं आणि घट्ट शाकारलेलं असतं, पावसात त्याच्यावर जाऊन बसणारं कुत्रं कुणी पाहिलंय? वाक्प्रचार जुना आहे, जोनाथन स्विफ्टनं १७३८ मध्ये वापरलाय. पण छपराची गोष्ट बनावट.

दुसरं उदाहरण 'बाइट द बुलेट'. आपल्याकडे काही जण तो सत्तावन्नच्या काडतुसांशी जोडतात. दातांनी काडतूस तोडणं आणि गोळी चावणं, कानाला पटतं. पण लंडनच्या फ्रान्सिस ग्रोसच्या कोशात, १७९६ च्या आवृत्तीत, फटके खाताना ओरडू नये म्हणून शिपाई गोळी चावत असा उल्लेख आहे. म्हणजे उठावाच्या साठ वर्षं आधी. पुढे १८९१ मध्ये किपलिंगच्या लिखाणात 'बाइट ऑन द बुलेट' येतं. तो जन्मला मुंबईत, १८६५ साली, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, हा खरा हिंदुस्थानी धागा.

अर्थ आहे मन घट्ट करून अप्रिय गोष्ट उरकणे. आणि गंमत बघा, मराठीत दातात काही धरायचं झालं तर आपण 'दाती तृण धरतो', म्हणजे शरण जातो. दात तेच, अर्थ उलटा.

परसबाग
तिठा, तुमच्या शेवटच्या ओळीवरून मला खरी अडचण सुचली. आम्ही न्यू जर्सीत सोळा वर्षं आहोत. वाक्प्रचार माहीत नसला की माणूस विचारतो. पण आपल्याच भाषेतल्यासारखा दिसला की विचारतच नाही आणि तिथे फसतो.

'पुल समवन्स लेग' म्हणजे थट्टा करणे, फिरकी घेणे. मराठीत पाय ओढणे म्हणजे दुसऱ्याला वर चढू न देणे. माझ्या टीममधल्या एका मुलाला साहेब हसत म्हणाले, 'आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग.' त्यानं आठवडाभर अन्न गोड लागू दिलं नाही स्वतःला, की साहेब माझं प्रमोशन अडवतायत.

'सी आय टु आय' म्हणजे एकमत असणे. आपल्याकडे डोळ्याला डोळा लागणे म्हणजे झोप आणि डोळ्याला डोळा भिडवणे म्हणजे आव्हान.

सगळ्यात उलटा म्हणजे 'वॉश युअर हँड्स ऑफ इट'. ख्रिस्ताला शिक्षा सुनावताना पिलातानं लोकांपुढे हात धुतले, माझ्यावर याची जबाबदारी नाही म्हणून. मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. म्हणजे इंग्रजीत हात धुतले की संबंध संपला. आपण हात धुवून मागे लागतो! आणि वाहत्या गंगेत हात धुवून घेतो ते वेगळंच.

अमेरिकेत आणखी एक थर आहे बेसबॉलचा. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. 'टच बेस' म्हणजे थोडक्यात बोलून घेणे. आणि 'रेन चेक'. पहिल्या वर्षी गणपतीत मी शेजारच्या बाईंना जेवायला बोलावलं. त्या म्हणाल्या, 'कॅन आय टेक अ रेन चेक?' बाहेर ढग होते. मला वाटलं पाऊस बघून येतील. एकवीस मोदकांतले पाच मी रात्री नऊपर्यंत ओल्या फडक्याखाली झाकून ठेवले. पावसानं सामना रद्द झाला की तिकिटाचा तुकडा दुसऱ्या सामन्याला चालायचा, तो रेन चेक. त्यांचं म्हणणं होतं, आज जमत नाही, पुन्हा बोलवा. पुढच्या वर्षी त्या आल्या आणि आता दरवर्षी येतात.

गल्लीक्रिकेट
परसबाग ताई, तिकडे बेसबॉल तर इकडे आणि इंग्लंडात क्रिकेट. 'ऑन अ स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीत. खेळपट्ट्या पूर्वी झाकत नसत, पावसानंतर ऊन पडलं की पृष्ठभाग चिकट व्हायचा आणि चेंडू कसाही उसळायचा. 'ऑफ हिज ओन बॅट' म्हणजे कुणी न सांगता, स्वतःहून. 'हॅट्ट्रिक' १८५८ ची, शेफील्डला एच. एच. स्टीफन्सननं लागोपाठ तीन बळी घेतले आणि त्याला वर्गणी काढून टोपी दिली. हे अमेरिकन माणसापुढे बोलू नका, हॅट्ट्रिक सोडून काही कळणार नाही. आपल्याकडे दांडी उडते, विकेट जाते, गुगली पडते, ते सगळ्यांना कळतं.

परसबाग
अगदी. आणि एक मीटिंगमधला धोका. 'टेबल' हे क्रियापद. ब्रिटिश म्हणतील 'लेट अस टेबल इट' तर विषय चर्चेला घ्या. अमेरिकन म्हणतील तर विषय बाजूला ठेवा. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचा यावरून एका बैठकीत चांगलाच वाद झाल्याचं चर्चिलनं लिहून ठेवलंय, आणि दोघांनाही तो विषय चर्चेला हवाच होता.

बोरू
आपण ब्रिटिशांच्या बाजूला. विधिमंडळात कागदपत्रं 'सभागृहाच्या पटलावर' ठेवतात, तो हाच टेबल.

आता माझं गाऱ्हाणं. 'दिवसाच्या शेवटी महत्त्वाचं काय, तर जनतेचा विश्वास.' हे वाक्य मी या महिन्यात किती वेळा खोडलं असेल! 'अ‍ॅट द एंड ऑफ द डे' मधला दिवस इंग्रजीतच मेलेला आहे, आपण तो मराठीत जिवंत करून आणतो. वाचणारा विचारतो, कुठला दिवस? 'शेवटी', 'सरतेशेवटी', 'अखेर' हे शब्द काय कमी आहेत? तसंच 'मी तुमच्याकडे परत येतो'. अहो, 'कळवतो' म्हणा.

तिठा
बोरू सर, नम्रपणे विरोध. 'नक्राश्रू' आपण इंग्रजीवरूनच बनवले. लालफितीचा कारभार, पांढरा हत्ती, चहाच्या पेल्यातलं वादळ, हिमनगाचं टोक, सगळे बाहेरचे. महाराष्ट्रात हिमनग कुणी पाहिलाय? तरी ग्रामपंचायतीच्या भाषणातही हिमनगाचं टोक असतं. तेव्हाच्या कुणा मुद्रितशोधकानं ते खोडले असते तर?

बोरू
प्रश्न रास्त आहे, म्हणून रात्रभर विचार करून उत्तर देतो. नक्राश्रू, लालफीत, हिमनग, यांत चित्र आहे. मगर डोळ्यांसमोर येते. फायली लाल फितीनं बांधलेल्या आपल्या आजोबांनी कचेरीत पाहिल्या. हिमनग पाहिला नसला तरी पाण्याखाली मोठा भाग असतो हे शाळेत शिकलो. कोल्ह्याला द्राक्षे आंबट हे तर इतकं आपलं झालंय की ती इसापाची गोष्ट आहे हेही कुणाच्या ध्यानात नसतं. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इसापनीती मराठीत छापली गेली, तेव्हापासून तो कोल्हा इथलाच. 'दिवसाच्या शेवटी' मध्ये कसलंच चित्र नाही. म्हणून हिमनग ठेवतो आणि दिवस खोडतो. तुमच्या म्हणण्यानं एवढा फरक मात्र पडला की आता मी खोडण्याआधी थांबून बघीन.

अभ्यासिका
मी वाचनमात्र असते, आज विचारायचं आहे. माझ्या जर्मन टीम लीडची आई काल गेली. आमचं बोलणं इंग्रजीतून असतं. वरचं पहिलं पोस्ट वाचून भीती वाटायला लागली. काय लिहू?

रानजाई
अभ्यासिका, भिऊ नकोस. वाक्प्रचार एकही नको, त्यांचीही ती परकीच भाषा आहे. 'आय अ‍ॅम सो सॉरी टु हिअर अबाउट युअर मदर' एवढं पहिलं वाक्य. मरणाचा शब्दच लिहायला नको. लिहायचाच झाला तर 'पास्ड अवे', तो सौम्य आहे. दुसऱ्या वाक्यात त्यांचं एखादं काम तू दोन दिवस सांभाळतेस ते नेमकं लिही, कुठलं काम ते नाव घेऊन. उत्तराची घाई नको असंही लिही. बस.

अभ्यासिका
पाठवलं. सोमवारचा क्लायंट कॉल मी घेते असं लिहिलं. खूप आभार, ताई.

देवळालीकर
'वन्स इन अ ब्लू मून' वहीत घेतला का? आमच्याकडे सटीसहामाशी म्हणतात, नाहीतर 'अमावस्या-पौर्णिमेला उगवतो'.

तिठा
घ्याच. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरी ती ब्लू मून, हा अर्थ मागाहूनचा. १९४६ मध्ये एका अमेरिकन खगोलशास्त्राच्या मासिकात जुन्या पंचांगाचा नियम चुकीचा वाचला गेला आणि तो रुळला. त्या जुन्या नियमाप्रमाणे एका ऋतूत तीनऐवजी चार पौर्णिमा आल्या की तिसरी ब्लू मून. म्हणजे वर्षात तेरावी पौर्णिमा. आपला अधिक महिना याच हिशेबातून येतो, साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी. त्यांच्याकडे तो तेरावा चंद्र 'क्वचित'शी जोडला गेला. आपण म्हणालो 'दुष्काळात तेरावा महिना'. घरात दाणा नाही आणि वर्ष मात्र एका महिन्यानं लांबलं.

रानजाई
आज वर्गात 'वॉश युअर हँड्स ऑफ इट'साठी मराठी वाक्प्रचार सुचवा म्हणाले. बारा मुलांकडून चार उत्तरं आली: हात झटकणे, हात वर करणे, कानावर हात ठेवणे, अंग काढून घेणे. पाऊण तास वाद झाला. शेवटच्या बाकावरची एक मुलगी कधी बोलत नाही. ती उठून म्हणाली, 'कानावर हात ठेवतो तो म्हणतो मला माहीतच नाही. हात वर करतो तो म्हणतो मला जमत नाही. अंग काढून घेतो तो हळूच जातो, कुणाला कळू देत नाही. पिलातानं सगळ्यांसमोर केलं ना?'

मी तिच्या वहीत 'हात झटकणे' लिहिलं. बोरू सर, बरोबर का?

बोरू
बरोबर. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. आणि पुढे कंसात लिहा: चारचौघांत.